टेन्शनचं औषध सलाईनमध्ये नसतं

दिवस मावळताना अकोल्याकडून वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला दुचाकीवर येणारा माणूस ट्रकला भीत नाही तेवढा रोह्याला, म्हणजे नीलगाईला, भितो. तुरीच्या तासातून दोनशे किलोच्या घरातला तो प्राणी एका उडीत डांबरावर येतो. ब्रेक दाबला जातो, गाडी थोडी घसरते, रोही पलीकडच्या वावरात निघून जातो. माणूस गाडी कडेला लावतो आणि मग त्याचे पाय लटलट कापायला लागतात. मागे बसलेला विचारतो, “भेला का बे?”

भेकडपणाचा इथं काही संबंध नाही. समोर आलेला रोही आहे की म्हैस, हे नीट कळायच्या आत मेंदूतल्या अमिग्डला या छोट्या भागाकडून हायपोथॅलॅमसला इशारा पोचलेला असतो. व्हेगस नावाची नस हृदयाला एरवी आवरून धरते. ती पकड एखाद्या ठोक्याच्या आत सैल होते. पाठोपाठ कण्यातून निघणारे अनुकंपी मज्जातंतू कामाला लागतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तळहाताला घाम फुटतो, कातडीतल्या आणि आतड्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त मांड्यांकडे वळतं. याच तंतूंची एक शाखा मूत्रपिंडाच्या टोकावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात थेट जाते आणि तिथून ॲड्रिनलिन रक्तात सुटतं. रक्तातून स्नायूंपर्यंत पोचायला त्याला काही सेकंद लागतात. तोवर ब्रेक लागलेला असतो. ब्रेकचं श्रेय नसांचं, ॲड्रिनलिन मागून येतं. आणि ते आलं तेव्हा पळायला समोर काही उरलेलं नसतं, म्हणून पाय जागच्या जागी कापतात. रक्तातलं ॲड्रिनलिन दर दोन-तीन मिनिटांनी निम्मं होत जातं, त्यामुळे जरा वेळानं थरथर आपोआप ओसरते.

कॉर्टिसॉल याच्याही मागून, सावकाश येतं. हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला कळवते, आणि वीस-तीस मिनिटांनी कॉर्टिसॉल शिगेला पोचतं. माणूस तोवर घरी येऊन चहा पीत असतो. खर्च झालेली साखर भरून काढणं, सूज आटोक्यात ठेवणं, ‘त्या वळणावर रोही निघतो’ ही आठवण पक्की करणं, ही त्याची कामं. आणखी एक काम त्याच्याकडे असतं, ते फार कमी लोकांना ठाऊक आहे: गजर बंद करणं. टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन पाणी बंद करतो, तसं रक्तात वाढलेलं कॉर्टिसॉलच मेंदूला सांगतं की आता पुरे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सुईच्या प्रकरणात लागेल.

“हा सगळा मनाचा खेळ हाय”

टेन्शनवाल्याला हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. त्याच्या शेपटाला सल्लाही असतो, “जास्त इचार नको करू बाप्पा.” मनाचा यात हात नाही असं कुणी म्हणणार नाही. पण मनात तसूभर विचार नसताना हेच सगळं शरीरात घडू शकतं, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आपल्या महाराष्ट्रातच सापडला.

मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडला काम करत होते. तिथं लाल विंचवाच्या दंशानं, विशेषतः लहान मुलं, पटापट दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. आधी उलट्या आणि दरदरून घाम, मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी. विंचवाचं विष मज्जातंतूंची टोकं उघडी ठेवतं आणि ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो. रोही आडवा गेल्यावर शरीर जे काही सेकंदांसाठी करतं, तेच इथं तासन् तास, कितीतरी पट जोरात चालू राहतं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आली. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी रक्तवाहिन्या आवळायला लावणाऱ्या ग्राहींनाच अडवते, हे हेरून त्यांनी ती वापरली. त्यावरचा लेख १९८६ चा. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावलेल्या पोराला ‘मन घट्ट कर’ असं कुणी म्हटलं नाही, हे सांगायला नकोच.

स्वायत्त मज्जासंस्थेची दुसरी बाजू, म्हणजे परानुकंपी, आपल्याकडे वेगळ्याच वाईट वाटेनं दिसते. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. फवारणीच्या औषधांपैकी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं अॅसिटिलकोलिन या रसायनाची विल्हेवाट लावणारं विकर बंद पाडतात. मग चित्र बहुतेक वेळा उलटं होतं: बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, नाडी मंद, छातीत कफ. त्यावर ॲट्रोपिन देतात, ते हीच बाजू दाबण्यासाठी. एक बाजू पळायला लावणारी, दुसरी बसून जेवण पचवायला लावणारी. निरोगी माणसात दोन्ही दिवसभर एकमेकींना सांभाळत असतात. ताण आला म्हणजे यातलं काही बिघडलं असं नसतं. एका बाजूचं पारडं काही काळ जड झालेलं असतं.

“हातपाय गार पडले, बीपी लो झाली, सलाईन लावा”

हा गैरसमज इतका मुरलेला आहे की दवाखान्यात बीपीचा पट्टा बांधायच्या आधीच नातेवाईक सलाईनची मागणी करतात. घाबरलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. त्या वेळी बीपी बहुधा वाढलेलीच असते. अशा माणसाला मीठ-साखरेचं पाणी पाजून वर मिठाचं सलाईन चढवणं म्हणजे काय, हे आकड्यांत पाहा: अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. साखरेच्या, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज. ताकद म्हणून जे काही मिळतं ते एवढंच, आणि ते गूळ-शेंगदाण्याच्या एका लाडवातही मिळतं. जुलाब, उलट्या, उष्माघात, रक्तस्राव यांत सलाईन जीव वाचवतं. टेन्शनमध्ये ते फक्त तासभर निजायला कारण देतं. तेवढं निजणंच पुष्कळांना बरं करतं आणि नाव बाटलीचं होतं.

बीपी खरंच एकदम पडते असा एक प्रकार आहे. रक्त किंवा सुई पाहून, किंवा लग्नाच्या मांडवात तासभर उभं राहून काही जण भोवळ येऊन पडतात. तिथं व्हेगस नस जरुरीपेक्षा जास्त जोर करते. त्यावर उपाय म्हणजे आडवं झोपवून पाय वर धरणं. कांदा हुंगवायची गरज नाही, पण त्यानं बिघडतही नाही.

तोंडाला कोरड पडणं हीसुद्धा याच कारखान्यातली गोष्ट. जुन्या धर्मशास्त्रांत तांदुळाचं दिव्य सांगितलंय: संशयिताला तांदूळ चावून थुंकायला लावायचे, रक्त दिसलं तर तो दोषी. घाबरलेल्याचं तोंड कोरडं असतं आणि कोरड्या तोंडात तांदूळ टोचतात, एवढं त्यात तथ्य. मात्र भीती दिसते म्हणून गुन्हा दिसत नाही. आजचं खोटं पकडण्याचं यंत्रही घाम, नाडी, श्वास मोजतं, आणि त्याची अडचणही तीच आहे.

“ताकदीची सुई मारा डॉक्टर”

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे. सोंगणी चालू आहे, कंबर धरली आहे, झोप नाही, अंगात त्राण नाही. कुणीतरी एक सुई मारतो किंवा कागदाच्या पुडीत बारक्या पांढऱ्या गोळ्या देतो, आणि दुसऱ्या दिवशी माणूस तरतरीत होतो. भूक लागते, दुखणं पळतं, मन हलकं होतं. अशा सुईत किंवा पुडीत पुष्कळदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. ही सगळी कॉर्टिसॉलची कारखान्यात बनवलेली भावंडं. जो माणूस टीव्हीसमोर बसून ‘ताणाचा हार्मोन वाईट’ म्हणतो, तोच सकाळी तो हार्मोन पैसे देऊन टोचून घेतो.

मात्रा समजून घ्या. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे सुमारे २० मिलिग्रॅम नैसर्गिक कॉर्टिसॉल. डेक्सामेथासोनचं पाऊण मिलिग्रॅम तेवढंच काम करतं. शरीर स्वतः दिवसभरात एवढंच किंवा याहून कमी बनवतं. बाहेरून इतकं आलं की तो तरंगता गोळा वरच अडकतो. पिट्युटरी गप्प बसते, अधिवृक्क ग्रंथी हळूहळू आक्रसते. तीन-चार आठवडे रोज गोळी चालली आणि एक दिवस पुडी संपली, तर शरीराकडे आपलं कॉर्टिसॉल नसतं. मळमळ, अशक्तपणा, बीपी घसरणं. वरून ताप आला किंवा अपघात झाला तर जिवावर बेततं. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेलं पण हातपाय काटक्या, पोटावर जांभळ्या रेघा, साखर चढलेली, अशी माणसं बाजारात दिसतात. ‘तब्येत सुधारली’ म्हणून त्यांचं कौतुक होतं तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि तरी या औषधांना विष म्हणायला मी तयार नाही. कॉर्टिझोनवरच्या संशोधनाला १९५० मध्ये नोबेल मिळालं ते उगीच नाही. दम्याच्या झटक्यात, मूत्रपिंडाच्या काही आजारांत त्यांना पर्याय नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले सुमारे एक तृतीयांश मृत्यू याच डेक्सामेथासोननं टळले. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसनं लोकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यामागे अनियंत्रित साखर आणि बेहिशेबी स्टिरॉइड ही जोडी होती. तुमच्याकडे अशी पुडी महिनाभर चालू असेल, तर हे वाचून आजच बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते मात्रा पायरीपायरीनं उतरवतील.

“कॉर्टिसॉल कमी करा, आयुष्य बदला”

हा गैरसमज मोबाइलमधून आलाय. अमुक काढा, तमुक पावडर, सकाळी उठल्या उठल्या वाढलेलं कॉर्टिसॉल उतरवायचे उपाय. सकाळी ते वाढलेलंच असायला हवं. जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आणखी चढतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. म्हणून कोणत्या वेळी रक्त काढलं हे न पाहता कॉर्टिसॉलचा आकडा वाचण्यात अर्थ नाही. कॉर्टिसॉल अजिबात न बनणं हा ॲडिसनचा आजार, आणि उपचाराविना तो जीव घेतो.

याच पेठेत विकली जाणारी ‘अॅड्रिनल थकवा’ नावाची चीज कुठल्याही मान्य वैद्यकीय पुस्तकात निदान म्हणून नाही. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी त्यावरचे उपलब्ध अभ्यास चाळले आणि असं काही अस्तित्वात नाही हे लेखाच्या शीर्षकातच लिहून टाकलं. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, झोप आणि उदासी तपासावी. आपल्या भागात बायांच्या थकव्यामागे रक्ताची कमतरता निघण्याचीच शक्यता जास्त.

केस, अल्सर आणि खर्रा

रातोरात केस पांढरे होत नाहीत; बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याचा रंग बदलायला आत कुणी बसलेलं नसतं. पण ताणाचा आणि पांढऱ्या केसांचा संबंध अगदीच भाकड नाही. २०२० मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात केसाच्या मुळाशी अनुकंपी नसांतून सुटणारं नॉरॲड्रिनलिन रंगाच्या मूळपेशी संपवतं, असं दिसलं. नंतर उगवणारा केस मग पांढरा येतो.

टेन्शननं अल्सर होतो हे आमच्या आधीच्या पिढीचं ठाम मत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं ते हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू अल्सरचं मोठं कारण आहे हे दाखवल्याबद्दल. दुसरं मोठं कारण आपल्या खिशातच असतं: कंबर दुखते म्हणून उपाशीपोटी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. ताणानं पोट बिघडतं, ते खरं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनननं सव्वाशे वर्षांपूर्वी क्ष-किरणांत पाहिलं होतं, की मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते. पोटात गोळा येतो म्हणतात तो असा. पण हालचाल थांबणं वेगळं आणि जखम होणं वेगळं.

खर्‍याचं काय? ‘खर्रा खाल्ला की डोकं शांत होते.’ तंबाखूतलं निकोटिन अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्याला तिथंच जाऊन टोचतं आणि ॲड्रिनलिन सोडायला लावतं. नाडी आणि बीपी वाढते. शांत होते ती मागच्या खर्‍याच्या उतारानं आलेली तलफ. दारूचंही असंच. पहिल्या प्रहरात ती निजवते, पहाटे दोन-तीनला उठवते, आणि ज्या वेळी कॉर्टिसॉल तळाला असायला हवं त्या वेळी माणूस अंगणात फेऱ्या मारत असतो.

महिनोन् महिन्यांचा रोही

रोही निघून जातो. सोयाबीनचं तसं नाही. सोंगून गंजी लावली की आभाळ भरून येतं. मळणी करून शेलूबाजारच्या उपबाजारात माल नेला की यंत्रात ओलावा चौदा निघतो आणि हमीभावाच्या खरेदीसाठी हवा असतो बारा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये; हर्रासातला भाव त्याच्या खाली लागला की देण्याचा हिशेब तिथंच उभ्या उभ्या चुकतो. मेंदूला प्रत्यक्ष जनावर समोर लागत नाही, येणाऱ्या हप्त्याची कल्पनाही हायपोथॅलॅमसला पुरते.

इथं लोक समजतात की कॉर्टिसॉल महिनोन् महिने वर चढून बसतं. पुष्कळांत तसं होत नाही. बिघडते ती दिवसाची लय. सकाळचा चढ मंदावतो, रात्रीचा उतार नीट होत नाही. परिणाम झोपेवर, पोटाच्या घेरावर, बीपीवर, साखरेवर होतो. ‘टेन्शननं शुगर झाली’ हे अर्धसत्य आहे: ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल दोन्ही साखर वाढवतात, पण मधुमेह बहुतेक वेळा आधीपासून वाटेवर असतो, ताण त्याला दाराशी आणतो. बायांची पाळी पुढेमागे होते तीही हायपोथॅलॅमसच्याच मार्फत.

सावकाश श्वासाचा उपाय थोतांड नाही. श्वास सोडताना व्हेगस हृदयाला जरा आवरते, म्हणून मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले आणि सोडण्याचा वेळ लांबवला की नाडी उतरते, हे मनगटावर बोट ठेवून कुणालाही पाहता येईल. पण त्यानं ओलावा बारावर येत नाही. शिबिरात श्वास शिकवून ‘आता टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलणं, समुपदेशन आणि गरज पडेल तिथं मानसोपचारतज्ज्ञ, अशी रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. दुसरा आकडा लहान वाटेल. मला तो पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण भाव, पाऊस आणि कर्ज त्या काळातही होतंच. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. ज्याच्या बोलण्यात ‘जगून काय करू’ येतं, त्याच्या घरातलं फवारणीचं औषध आधी दुसरीकडे कुलपात ठेवा आणि मग फोन लावा.

“छातीत दुखते, टेन्शन असन”

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. घाबरल्यावर छातीत धडधडतं, आवळल्यासारखं होतं, हाताला मुंग्या येतात. हृदयविकाराच्या झटक्यातही असंच होतं. नुसतं पाहून दोन्ही वेगळे काढणं अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो नावाचा प्रकार नोंदवला: घरात मृत्यू किंवा तसाच मोठा धक्का, आणि ॲड्रिनलिनच्या माऱ्यानं हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगून काम सोडतं. पाळी गेलेल्या बायांत हे जास्त दिसतं. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, सगळ्या होत नाहीत. म्हणजे दुखणं खरोखर टेन्शनचं निघालं तरी ते घरी बसून काढायचं नसतं.

गॅस समजून सोडा पिणं, ओवा चावणं, बाम चोळणं, यात पहिले एक-दोन तास जातात, आणि हृदयाचा स्नायू वाचवायचा वेळ तोच असतो. शेलूबाजारहून वाशीम किंवा अकोला गाठायला रस्त्यात वेळ मोडतोच, म्हणून १०८ ला फोन आधी, पाहुण्यांना नंतर. ईसीजी पाच मिनिटांत निघतो. कागदावर ‘टेन्शन’ लिहायचंच असेल तर तो ईसीजी, आणि गरज पडली तर काही तासांनी काढलेला दुसरा, डॉक्टरनं पाहिल्यावर लिहावं.